सोमवारचं टेबल

माझा जावई चाकणला एका मोटारींच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. मागच्या महिन्यात तो तीन दिवसांचं कसलंसं शिबिर करून आला आणि जेवताना आम्हांला त्यातलं ज्ञान वाढू लागला. कामगाराच्या हातून चूक झाली तर त्याच्यावर ओरडायचं नाही. चूक सगळ्यांसमोर मांडायची, त्यातूनच नवी कल्पना निघते, आणि कंपनीचा माल सुधारतो तो अशाच कल्पनांनी. हे शिकवायला म्हणे जर्मनीहून माणूस आला होता. मी निमूट वरणभात कालवत राहिलो. माझी मुलगी चंदीगडला वाढलेली, अजून माझ्याशी निम्मं हिंदीतच बोलते. "पापा, आप कुछ बोल नहीं रहे," ती म्हणाली. काय बोलणार? जर्मन माणसाने सांगितलं ते सगळं मी चंदीगडला डोळ्यांनी पाहिलं होतं. ते बंद कसं पाडतात तेही पाहिलं होतं, आणि बंद पाडणाऱ्यांत मीही होतो.

त्या सगळ्यामागचा माणूस म्हणजे बलवंतसिंग, आमच्या हॉल नंबर दोनचा फोरमन.

आमचा कारखाना केंद्र सरकारचा, चंदीगडच्या औद्योगिक वसाहतीत. शेतीचे पंप बनायचे. मी मूळचा कराडचा, कार्मिक विभागातला अधिकारी, बदलीवर तिकडे गेलो तेव्हा पंजाबातले ते वाईट दिवस सुरू झाले होते. चौकाचौकात वाळूची पोती आणि त्यामागे बंदुका. संध्याकाळी सातनंतर बाजार ओस पडायचा. पिंजौरकडून, मोहालीकडून येणारे कामगार बस अडवली म्हणून तास तास उशिरा यायचे आणि आल्यावर काय पाहिलं ते सांगायचे नाहीत. आमच्या कॉलनीतली मराठी मंडळी बदलीचे अर्ज करून करून थकली होती. मीही दोन केले होते.

माझ्याकडे सूचनापेट्यांचं काम होतं. प्रत्येक हॉलमध्ये एक कुलूपबंद पेटी, कामगाराने सुधारणेची कल्पना लिहून तिच्यात टाकायची, महिन्याने मी ती उघडायची. बहुतेक पेट्यांत बिडीची थोटकं निघत. हॉल नंबर दोनची पेटी उघडली तर आत साखर. स्वच्छ, कागदाच्या पुड्यात बांधलेली दोन किलो साखर. मी फोरमनला बोलावलं. बुटका, रुंद, पांढऱ्या दाढीला नीट जाळी लावलेला सरदार समोर येऊन उभा राहिला आणि सरळ म्हणाला की पेटीला मुंग्या लागत नाहीत, म्हणून चहाची साखर तिथे ठेवतो, दुसरी किल्ली करून घेतलीय. मी सूचनांचं विचारलं. सूचना पेटीत टाकून काय करायच्या, त्या पाहायला सोमवारी सकाळी या, असं म्हणून तो निघून गेला. अधिकाऱ्यासमोरून परवानगी घेऊन जायचं असतं हे त्याला ठाऊक नसावं, असं मला तेव्हा वाटलं. ठाऊक होतं, पण तो जुमानत नव्हता.

सोमवारी मी गेलो. हॉलच्या मधोमध एक लांब लोखंडी टेबल होतं आणि त्यावर मागच्या आठवड्यात बिघडलेला सगळा माल मांडला होता. पंपातले तडा गेलेले पंखे, वाकडे दांडे, भोक चुकलेल्या बॉडी. एरवी असा माल कामगार लपवतात, कोपऱ्यातल्या वाळूत पुरतात, दुसऱ्या पाळीच्या ढिगात सरकवतात. इथे तो ताटात वाढल्यासारखा मांडला होता. भोवती चाळीस माणसं चहाचे पेले घेऊन उभी. बलवंतसिंग एकेक तुकडा उचलायचा आणि ज्याच्या हातून तो बिघडला तो माणूस आपणहून पुढे येऊन कसं झालं ते सांगायचा. आधी मशीन कसं होतं ते सांगायचं, मग माल कसा होता ते, आणि सगळ्यांत शेवटी स्वतःचं. हा क्रम बलवंतसिंगने घालून दिला होता. मशीन किंवा माल वाईट असेल तर माणसाने उगाच स्वतःवर घ्यायचं नाही, आणि ते दोन्ही ठीक असतील तर त्यांच्यावर ढकलायचं नाही.

कोणी तोंड उघडून "हे कोणी केलं" असं विचारलं तर तो भडकायचा. "किसने नहीं. कैसे," एवढंच म्हणायचा. आठवड्यात दहा वेळा तरी म्हणायचा. सांगितलं ते एका जाड वहीत पंजाबीत लिहिलं जाई, ज्याची चूक त्याच्याच हाताने, पण नाव घालायचं नाही असा नियम होता. नुसतं मशीन कसं, माल कसा, मी काय केलं. मग सगळ्यांनी मिळून तोड काढायची. ती तोड भंगारातल्या लोखंडातून तो दोन दिवसांत करून बसवायचा. त्याच्या हॉलमधल्या मशीनवर असे तीसेक जोड होते, एकाचाही नकाशा कार्यालयात नव्हता. सगळ्या कारखान्यात सर्वांत कमी माल वाया जायचा तो हॉल नंबर दोनमध्ये. तिथला पंप दुकानदार मागून घेत.

माणूस गोड मात्र नव्हता. कौतुक करणं त्याच्या जिवावर यायचं. त्याची फाईल, म्हणजे कानस, कोणी न विचारता घेतली तर आठवडाभर त्या माणसाशी बोलत नसे. इंजिनियरांची चेष्टा करायचा, माझ्या हिंदीची तर रोजच. आणि कागद म्हटला की त्याच्या कपाळाला आठी. फॉर्म भरायचा नाही, अहवाल द्यायचा नाही. कागद मशीन चालवत नाही, असं म्हणायचा. मी त्याला समजवायचो की बाबा रे, सरकारी कारखान्यात कागदच सगळं चालवतो. त्यावर तो जेवणाचा डबा उघडायचा, मुठीने कांदा फोडायचा आणि अर्धा माझ्यापुढे सरकवायचा. माझं बोलणं संपलं असा त्याचा अर्थ.

त्याच सुमारास अतिरेक्यांनी हिंदूंना बसमधून उतरवून मारल्याच्या बातम्या येत होत्या. आमच्या रमेश नावाच्या टर्नरचा चुलतभाऊ त्यात गेला. रमेश कामावर आला पण कुठल्या सरदाराशी बोलेना, त्यांच्याबरोबर जेवेना. इतर हॉलांत याच कारणावरून मारामाऱ्या झाल्या, दोन वेळा पोलीस आत आले. हॉल दोनमध्ये सगळे वाट पाहत होते, काय होतंय. महिना गेला, आणि एक सोमवार आला. टेबलावर रमेशच्या हातचा एक दांडा होता. तो बराच वेळ मागे उभा राहिला. मग पुढे आला आणि खाली बघत, ज्यांच्याशी महिनाभर बोलला नव्हता त्या माणसांना, दांडा कसा वाकला ते सांगितलं. कश्मीरासिंगने त्याच्यापुढे चहाचा पेला धरला. रमेशने तो घेतला. पेला धरायचा की नाही हेही त्या दिवसांत माणसाला ठरवावं लागत होतं, हे आज कोणाला सांगून पटणार नाही.

हा कश्मीरासिंग बोरिंग मशीन, म्हणजे बॉडी आतून कोरायचं यंत्र, चालवायचा. तरनतारनकडच्या एका खेड्यातला, अबोल, बलवंतसिंगचा अगदी लाडका, अर्थात तसं दाखवायचं नाही. एकदा गावाकडून निरोप आला की त्याच्या धाकट्या भावाला घरातून कोणीतरी उचलून नेलं. कोणी, ते कळायला मार्ग नव्हता. त्या काळात अतिरेकीही माणसं उचलत आणि पोलीसही. कश्मीरासिंग दुसऱ्या दिवशी कामावर आला, कारण घरी बसवेना, आणि त्या पाळीत त्याने जेवढ्या पंपाच्या बॉडी कापल्या त्या सगळ्या नको तेवढ्या खोल कापल्या. अख्ख्या पाळीचा माल भंगारात.

दुसऱ्या कुठल्याही हॉलमध्ये त्याने तो माल रात्रीतून गटारात टाकला असता. इथे सोमवारी तो टेबलापाशी आला. "मशीन ठीक था, माल ठीक था. ख़राब मैंने किया. हाथ चल रहा था जी, मैं गाँव में था." एवढंच तो बोलला, आणि अख्ख्या पाळीचा आकडा घालून एवढंच वहीत लिहिलं. बलवंतसिंगने दोन दिवस खपून रुळाच्या तुकड्याचा एक अडसर बनवला आणि बोरिंग मशीनवर बसवला. हत्यार ठरल्या खोलीपुढे जाईच ना. माणसाचं मन गावात असो की आणि कुठे, माल बिघडत नव्हता. मग तसाच अडसर सगळ्या बोरिंग मशीनना लागला. कंपनीला नवं तंत्र हवं होतं ना, ते हे असं जन्माला आलं. त्याच्या बापाचं नाव कुठल्या कागदावर नाही.

आणि इथेच मला दुर्बुद्धी सुचली.

दिल्लीच्या मुख्यालयातून पत्र आलं की नवकल्पना करणाऱ्या कर्मचाऱ्याला पुरस्कार द्यायचा आहे, प्रस्ताव पुराव्यासह पाठवा. मला बलवंतसिंगचं भलं करायचं होतं. खोटं कशाला बोलू, माझंही करायचं होतं. असा माणूस शोधणारा अधिकारी म्हणून माझं नाव दिल्लीला गेलं असतं आणि पुण्याच्या बदलीचा अर्ज हलला असता. मी त्याला म्हटलं, वही वाचायला दे. त्याने आधी हात पुसले. मग टेबलाच्या खणातून काढून दिली आणि म्हणाला, "घर पे पढ़ना, शिर्के साब. ये हॉल से बाहर की चीज़ नहीं है." आजवर त्याने ती एकाही अधिकाऱ्याच्या हातात दिली नव्हती.

मी घरी नेली. कॉलनीतल्या एका शिक्षकाकडून निवडक पानांचं भाषांतर करून घेतलं. आठ पानी प्रस्ताव लिहिला, 'फोरमन बलवंतसिंग यांचा पुरस्कारासाठी प्रस्ताव' असं वर ठळक टंकून घेतलं आणि वही पुरावा म्हणून फाईलला जोडली. त्याला विचारलं नाही. पुराव्याशिवाय प्रस्ताव जात नसतो, हे एवढंच माझ्या डोक्यात होतं. पंधरा वर्षं सरकारी कागद हाताळलेल्या माणसाला दुसरं काही सुचतच नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी दुसऱ्याचा हात दाखवून केलं.

फाईल दिल्लीला गेलीच नाही. त्या आठवड्यात जवळच कुठेतरी स्फोट झाला होता आणि महाव्यवस्थापकांनी प्रत्येक फाईल सुरक्षा अधिकाऱ्याच्या नजरेखालून जाऊ द्या असा हुकूम काढला होता. त्याने वही उघडली. भाषांतर अगदी नेमकं होतं. 'मशीन ठीक होतं, माल ठीक होता, खराब मी केलं.' असं एकदा नाही, पानोपानी. जी वही माणसांच्या सचोटीचा पुरावा म्हणून मी जोडली होती, ती त्याने घातपाताचा कबुलीजबाब म्हणून वाचली. वर नावं दडवलेली, म्हणजे कट असणारच. शिवाय मशीनवर बसवलेले, नकाशात नसलेले तीस लोखंडी जोड.

तिघांची चौकशी समिती बसली. नोंदी लिहायला मी. त्यांना बाकीच्या पानांशी कर्तव्य नव्हतं, त्यांना एकच पान हवं होतं, अख्खी पाळी बिघडवल्याचं. हे कोणी लिहिलं? बलवंतसिंगला खुर्ची दिली नव्हती. तो उभा होता. त्याने नाव सांगितलं असतं तर तो सुटला असता, तसं त्याला स्पष्ट सांगण्यातही आलं. पण तरनतारनकडचा तरुण, भाऊ बेपत्ता, हातून बिघडलेला माल आणि वहीत त्याचंच हस्ताक्षर. असं नाव गेटाबाहेर गेलं की माणूस कुठे जातो हे त्या दिवसांत कोणी विचारत नसे. खोलीतल्या आम्हां सगळ्यांना ते माहीत होतं.

"हॉल मेरा है. लिखा किसी ने भी हो, ख़राबी सारी मेरी," बलवंतसिंग म्हणाला. पुन्हा पुन्हा विचारलं तरी तेच. वही मी त्याच्या संमतीने फाईलला जोडली का, हेही त्यांनी विचारलं; तो नाही म्हणाला असता तर ठपका माझ्यावर आला असता. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी नोंद लिहिली: उत्तर दिले नाही.

घातपात सिद्ध होण्यासारखं काही नव्हतंच. मग नकाशाबाहेरचे जोड बसवले आणि माल वाया गेल्याचं दडवलं, असे आरोप ठेवून त्याला राजीनामा द्यायला लावला. जो माणूस माल वाया गेल्याचं टेबलावर मांडत होता, त्याच्यावर दडवल्याचा आरोप! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरच न्यायाला बसले होते आणि मी त्यांचा कारकून होतो.

पण त्याला खरा मार बसला तो नोकरीचा नव्हे. कार्यालयातल्या कोणीतरी फाईलचं ते वरचं पान पाहिलं आणि हॉलमध्ये बातमी गेली की उस्तादने, म्हणजे बलवंतसिंगने, बक्षिसासाठी वही वर दिली. आपल्या चुका विकल्या. माणसांनी ते खरं मानलं. त्यांनी का मानू नये? वही त्याच्याच खणात असायची. प्रस्तावाखाली सही माझी होती, पण तिथवर कोणी पान उलटलं नाही. एका वाक्यात तो सगळ्यांना सांगू शकला असता की शिर्केने दिली. त्याने नाही सांगितलं. 'कोणी' हा शब्द त्याने माझ्या बाबतीतही तोंडातून काढला नाही.

शेवटी मीच त्याला सायकल स्टँडपाशी गाठलं आणि काहीतरी पुटपुटू लागलो. त्याने मला पुरं बोलू दिलं नाही. "मुझे मत बोलो. सोमवार को मेरा आख़री दिन है. हॉल में आके सबके सामने बोल देना. बस इतना." त्याच्या आवाजात राग नव्हता. सगळ्यांना तो जे सांगत आला तेच मलाही सांगत होता. मी येतो म्हणालो.

शनिवारी माझा पुण्याच्या बदलीचा हुकूम आला. महाव्यवस्थापकांनी बोलावून स्वतः हातात दिला आणि म्हणाले की चौकशीत तुम्ही शांतपणे काम केलंत, आता ही गोष्ट इथेच मिटू द्या. मी थँक यू म्हणालो.

त्यानंतरचं सांगण्यासारखं थोडं आहे. टेबल भंगारात गेलं, मशीनवरचे सगळे जोड काढून टाकले, चुकांसाठी छापील फॉर्म आला आणि त्यावर नावाचा रकाना सगळ्यांत वर होता. अर्थातच तो फॉर्म कोणी भरत नसे. बिघडलेला माल वाळूत जाऊ लागला, नाही तर रंग फासून गिऱ्हाइकाकडे. पंप परत यायला लागले. मग दिल्लीहून सल्लागार आले, भिंतीवर घोषणा लागल्या, सूचनापेट्यांना नवा रंग दिला. पुण्यात असताना कधीतरी कळलं की कारखाना बंद झाला. लोकांनी संपाला, पंजाबातल्या परिस्थितीला, परदेशी मालाला बोल लावला. मीही चारचौघांत तेच सांगत आलो. कश्मीरासिंग शेवटच्या दिवसापर्यंत बोरिंग मशीनवरच होता असं ऐकलं. आपण कोणामुळे जिवंत राहिलो हे त्याला कधी कळलं की नाही, मला माहीत नाही.

त्या सोमवारी मी गेलो होतो. अगदीच नाही गेलो असं नाही. हॉलच्या एका टोकाला जिना चढून काचेची केबिन होती, तिथून सगळा हॉल दिसायचा. मी तिथे जाऊन उभा राहिलो.

आमच्याकडे पद्धत अशी की नोकरी सोडणारा माणूस प्रत्येक मशीनपाशी जातो, कारागीर मशीन थांबवतो, हात मिळवतो. बलवंतसिंग इस्त्रीचा निळा शर्ट घालून आला होता. पहिल्या मशीनपाशी गेला. मशीन थांबलं नाही. दुसरं थांबलं नाही. तो एकही मशीन न चुकवता चालत राहिला, प्रत्येक ठिकाणी हात पुढे करत होता, आणि माणसं पाठ फिरवून काम करत होती. रमेशने तेवढा, बलवंतसिंग पुढे निघता निघता, हात हातात दिला, पण वर पाहिलं नाही. कश्मीरासिंगच्या मशीनपाशी बलवंतसिंग बराच थांबला. कश्मीरासिंग थुंकला. बाजूला, जमिनीवर, पण थुंकला. बलवंतसिंगने हात खाली घेतला. हे त्याला मी दिलं होतं, आणि ते मिटवायला मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं.

मग तो हॉलच्या मधोमध आला आणि मान वर करून काचेकडे पाहिलं. मी दिसत होतो. त्याने खूण केली नाही, हाक मारली नाही. नुसता उभा राहिला, डबा हातात धरून. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, म्हणून मला नक्की सांगता येतं. तो चार मिनिटं उभा होता. मग वळला आणि दाराकडे गेला. जिना उतरायला अर्ध्या मिनिटाच्या वर लागत नसे.